दंड कोणी भरायचा?

जालना

प्रिय छकुली,

तुझा आवाजी निरोप मिळाला. वहिनीच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, फोनवरून पाठवलास आणि तिकडून लगेच पुसूनही टाकलास, म्हणजे उत्तर त्या फोनवर यायला नको आहे. म्हणून हे पत्र, पोस्टानं. तुझ्या नावानं पत्र आलं म्हटल्यावर घरात सगळेच ते वाचतील, याची मला कल्पना आहे. वाचू देत. यातला निम्मा मजकूर तुझ्यासाठी नाहीच.

तुझी मागणी सरळ आहे. जूनमध्ये आठवी सुरू व्हायच्या आधी स्वतःचा स्मार्टफोन हवा, पप्पा नाही म्हणतायत, आणि आत्यानं सांगितलं की पप्पा ऐकतात. (हे शेवटचं तुला कोणी सांगितलं? मी त्यांची थोरली बहीण, पण मला तरी असा अनुभव नाही.)

उत्तर आधीच देते, म्हणजे जीव टांगणीला लावून वाचायला नको. आठवीतल्या मुलीकडे तिचा स्वतःचा, रात्रंदिवस तिच्याच ताब्यात असलेला स्मार्टफोन असू नये, असं मला वाटतं. आठवीतल्या मुलाकडेही असू नये. आणि तुझे पप्पा ज्या कारणासाठी नको म्हणतात, त्या कारणासाठी तर मुळीच नाही. ही तीन वाक्यं एकाच बाजूची वाटतात, पण तशी नाहीत. पुढचं सगळं त्यासाठीच लिहितेय.

निरोपात तू कारणं भराभर सांगितलीस. वर्गात सगळ्यांकडे आहे. (माझ्या वर्गातल्या मुलीही असंच म्हणतात, हात वर करा म्हटलं की बरेच हात खालीच राहतात.) अभ्यास ग्रुपवर येतो. प्रयोगांचे व्हिडिओ बघता येतात. तेरा पूर्ण झाली की इन्स्टाग्राम चालतं असं तिथंच लिहिलंय. आणि मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणालीस, “दादाला तर सहावीतच दिला होता.”

छकुली, तुझं खरं म्हणणं हे आहे. बाकीची कारणं तू इकडून तिकडून जमवलीस, हे तुझं स्वतःचं आहे. म्हणून आधी त्याचंच बोलू.

दादाला फोन कसा मिळाला ते तुला नीट आठवत नसेल, तू तेव्हा दुसरीत होतीस. २०२० च्या मार्चमध्ये शाळांना कुलपं लागली. शिक्षण खात्यानं ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत रोजचा अभ्यास मोबाइलवर धाडायला सुरुवात केली. ‘दीक्षा’ ॲपच्या लिंका यायच्या. ज्या घरात एकच फोन आणि तोही बापाच्या खिशातून शेतावर जाणारा, त्या घरातल्या लेकरांची शाळा बापाच्या मागे शेतात गेली. त्या वर्षी सोयाबीन विकलं आणि पप्पांनी दादाला फोन घेतला. घरात रेंज नव्हती, म्हणून तो धाब्यावर चढून बसायचा आणि आजी खालून ओरडायची, “ऊन लागंल रे!” तू त्याच्या मागे शिडी चढायचीस आणि तुला खाली पाठवलं जायचं. तुझं काय काम तिथं? काम होतं की. दुसरीच्याही लिंका येत होत्या, पण त्या उघडायचं कोणाला सुचलं नाही.

पुढे शाळा उघडली. फोन मात्र परत गेला नाही.

म्हणून या बाबतीत मी पहिला बोल लेकरांना लावत नाही. फोन लेकरांनी मागितला नव्हता. सरकारनं, शाळेनं, आम्ही शिक्षकांनी तो त्यांच्या हातात दिला आणि दोन वर्षांनी खाली गेलेल्या माना बघून आम्हीच कपाळाला हात लावला.

आणि दिला तो कोणाला, हेही बघ. ‘प्रथम’ ही संस्था खेड्यापाड्यांत ‘असर’ नावाची पाहणी करते. २०२३ मध्ये त्यांनी १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना विचारलं. स्मार्टफोन वापरता येतो असं सांगणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के निघाले आणि मुली १९.८ टक्के. फोन घरात नव्हता असं नाही, दहातल्या जवळजवळ नऊ घरांत होता. तो कोणाचा, हा प्रश्न होता. वहिनीच्या हातातला फोन बघ ना. दादाला नवा आला तेव्हा त्याचा काच तडकलेला जुना तिच्याकडे आला. आपल्याकडे बायकांपर्यंत फोन असाच पोचतो, कोणाचा तरी वापरून झालेला.

दर १२ जानेवारीला आपण सिंदखेडराजाला जातो. जिजाऊ माँसाहेबांचा जन्मोत्सव, ती गर्दी, राजवाड्यासमोरची रांग. तुला नऊवारी नेसवून, कमरेला खोटी तलवार लावून पप्पा स्वतः फोटो काढतात आणि स्टेटसला ठेवतात. भाषणं ऐकताना त्यांचे डोळे भरून येतात, ते मी पाहिलंय. आणि घरी आल्यावर “पोरीच्या जातीला फोन कशाला” हेही तेच म्हणतात. या दोन पप्पांची एकदा गाठ घालून द्यावी, असं माझ्या फार मनात आहे.

त्यांचं ‘नाही’ भीतीतून येतं. पण ती भीती तुझ्या झोपेची, डोळ्यांची, अभ्यासाची असती तर ती दादाच्या बाबतीतही वाटली असती. ही दुसरी आहे. पोरीच्या हातात फोन, फोनवर कोणी पोरगा, आणि गावभर बोभाटा. त्यावरचा उपायही ठरलेला असतो. फोन काढून घ्या, शाळा बंद करा, स्थळ बघा. माझ्या वर्गातून नववीत अशा मुली गेल्या आहेत. त्यांची नावं काही दिवस हजेरीत राहतात, मग त्यांच्यावर रेघ ओढली जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. ती फोनमुळे झाली असं कोणी म्हणणार नाही. निमित्त म्हणून मात्र फोन फार सोयीचा पडतो. मला अकरावीला जालन्याला धाडायचं नाही असं घरात ठरलं होतं, तेव्हा गावात मोबाइल आलेही नव्हते, आणि तरी कारण बोभाट्याच्या भीतीचंच होतं.

म्हणून तुझ्या पप्पांचं आणि माझं उत्तर एक निघालं तरी मला त्यांच्या शेजारी उभं राहायला अवघड वाटतं.

आता जरा गावाबाहेर जाऊ. आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बान्सी नावाचं गाव आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की अठरा वर्षांखालच्या मुलांनी मोबाइल वापरायचा नाही, सापडलं तर २०० रुपये दंड. गजानन टाले तेव्हा सरपंच होते. करोनात अभ्यासासाठी दिलेल्या फोनचं पुढे व्यसन झालं, हे गावाचं दुखणं होतं आणि ते खरंच होतं. ठराव देशभर गाजला. माझ्या शाळेच्या स्टाफरूममध्ये तर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी वाजवल्या नाहीत. सतरा वर्षांच्या पोराला प्रवेशाचा फॉर्म भरायचा असतो, शिष्यवृत्तीचा निकाल बघायचा असतो. त्याला आणि नऊ वर्षांच्या लेकराला एकाच दावणीला बांधून कसं चालेल? शिवाय असल्या दंडाचे दोनशे रुपये बाप भरतो आणि वसुली लेकराच्या पाठीवर होते. आणि ज्या पारावर बसून मोठी माणसं नियम करतात, त्याच पारावर प्रत्येकाच्या हातात काय असतं ते तू रोज शाळेतून येताना बघतेसच.

त्याच वर्षी सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं वेगळं काही केलं. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तिथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की टीव्ही बंद, मोबाइल बंद, साडेआठला पुन्हा वाजेपर्यंत. मुलांनी पुस्तकं घेऊन बसायचं, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना मांडली, बायकांच्या सभेनं ती उचलून धरली. सुरुवातीला लोक हसलेच असणार. मग अंगणवाडीताई, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले आणि बसली घडी.

मला वडगाव पटतं ते दीड तासासाठी नाही. दीड तासानं जगात फारसं काही बदलत नाही, साडेआठनंतरची सगळी रात्र उरतेच. मला पटतं ते हे की तिथे भोंगा वाजला की बापाचाही फोन बंद होतो. (आपल्या गावात, दुसरबीडला, असं काही करायचं ठरलं तर पहिला विरोध आपल्या आजीचा असेल. तिची मालिका सातलाच लागते.)

आणखी लांब बघायचं तर ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब अशा ठिकाणी खातं ठेवायला मनाई केली आहे. नियम मोडला तर दंड ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. पण तो कंपनीला. मुलाला नाही, आईबापालाही नाही. मुलं यातूनही वाटा काढतात, काढणारच; तूही दादाच्या जन्मतारखेवर खातं उघडशील, मला ठाऊक आहे. तरीही दंडाची पावती कोणाच्या नावानं फाडायची, हे त्या देशानं नीट ओळखलं असं मी म्हणेन. आपल्याकडेही २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठराखालच्या सगळ्यांना मूल मानतो. मुलांवर पाळत ठेवून त्यांच्यापुढे नेमक्या जाहिराती टाकायच्या नाहीत, आईबापांची खात्रीशीर संमती घ्यायची, असं तो सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांना तयारीला दीड वर्ष मिळालं. तोवर तुझी आठवी संपलेली असेल. कायद्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

आपल्या घरापुरतं विचारलं तर हा दंड आजवर तू एकटी भरत आलीस. दादा रात्री एकपर्यंत जागतो, त्याला कोणी काही म्हणत नाही. पप्पा जेवताना ताटाशेजारी फोन उभा करून भाषणं बघतात. आणि फोन वाईट असतो हे सांगायला सगळ्यांना तूच सापडतेस.

मग मी स्वतः का नको म्हणते? तेही सांगते.

आधी त्या तेराच्या आकड्याचं. तो कोणा डॉक्टरनं किंवा शिक्षकानं ठरवलेला नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये एक कायदा झाला. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती इंटरनेटवर गोळा करायची तर आईबापांची परवानगी घ्या, असं त्यात होतं. परवानग्यांची कटकट नको म्हणून कंपन्यांनी तेरा ही वेस धरली. म्हणजे तेराव्या वाढदिवशी तुझं मन घट्ट होतं असं कोणी तपासून बघितलेलं नाही. एवढंच की त्या कायद्यानुसार त्या दिवसापासून तुझी माहिती घ्यायला तुझ्या आईला विचारावं लागत नाही.

दुसरं, फोन थांबत नाही. पुस्तकाचं पान संपतं आणि तिथे माणूस मान वर करतो. २००६ च्या सुमारास अझा रास्किन या अमेरिकन तरुणानं अशी रचना काढली की पान संपतच नाही, खालून पुढचं आपोआप येत राहतं. पुढे त्यानं स्वतःच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. रील हे त्याचंच वाढलेलं रूप. दादाला एकदा विचार, रात्री तू फोन ठेवतोस तो झोप आली म्हणून की बॅटरी संपली म्हणून. चिडेल, पण उत्तर देईल.

अभ्यासासाठी हवा, असं तू म्हणालीस. २०२४ च्या ‘असर’नं १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारलं की मागच्या आठवड्यात फोन कशाला वापरला. ५७ टक्क्यांनी अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. तू अभ्यास करणार नाहीस असं मी म्हणत नाही. करशील. आणि मग त्याच पडद्यावर पुढचं येईल. शाळेच्या ग्रुपवरचा अभ्यास वहिनीच्या फोनवर येऊ दे, तिलाही कळू दे तुला काय शिकवतात. आणि तुझ्या बाईंना माझ्या वतीनं सांग की गृहपाठ फळ्यावरही लिहिता येतो. मी लिहिते.

मागच्या दिवाळीत तू माझ्या फोनवर स्वतःचे फोटो काढलेस. एका फिल्टरनं चेहरा गोरा झाला, नाक सरळ झालं. तो फोटो तू ठेवलास आणि खरा पुसून टाकलास. मी तेव्हा काही बोलले नाही. २०२१ मध्ये फ्रान्सेस हॉगन नावाच्या बाईनं, ती आधी फेसबुकमध्येच नोकरीला होती, कंपनीचे आतले कागद बाहेर काढले. इन्स्टाग्राममुळे दर तीनपैकी एका किशोरवयीन मुलीचं स्वतःच्या शरीराबद्दलचं वाईट वाटणं आणखी वाढतं, असं कंपनीच्याच माणसांनी त्यात लिहून ठेवलं होतं. तुझा रंग आजीचा आहे. आजीला तो कधी खुपल्याचं मला माहीत नाही, पण तुझ्या वयात आजीनं आरशाशिवाय दुसरा पडदा पाहिलेला नव्हता.

विज्ञानाची शिक्षिका आहे, म्हणून हेही सांगायला हवं की या विषयावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. जोनाथन हाइट नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं २०२४ मध्ये एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. स्मार्टफोनमुळे एका अख्ख्या पिढीचं मन आजारलं, असं त्याचं म्हणणं. त्याच वर्षी कँडिस ऑजर्स या संशोधक बाईंनी ‘नेचर’मध्ये त्याला उत्तर दिलं की पुरावा एवढं मोठं विधान पेलत नाही. आधीच उदास असलेली मुलंच फोनकडे जास्त ओढली जात असतील, हेही शक्य आहे. तेव्हा मेंदू सडतो वगैरे जे फॉरवर्ड पप्पांना येतात, ते दाखवून कोणी तुला घाबरवत असेल तर घाबरू नकोस. गंमत म्हणजे तेही फोनवरच येतात.

माझं कारण मेंदूचं नाही. १ जुलै २०२३ ची पहाट तुला आठवते. आपल्याच तालुक्यात, पिंपळखुट्याजवळ समृद्धी महामार्गावर मध्यरात्रीनंतर खासगी बस उलटली आणि पेटली. २५ माणसं गेली. सकाळी गावातल्या फोनाफोनांवर ते व्हिडिओ फिरत होते. तू दहा वर्षांची. पप्पांचा फोन चार्जिंगला होता, तू तो सहज उचललास. रात्री तुला झोप लागेना म्हणून वहिनीनं मला फोन लावला आणि तू मला विचारलंस की त्या आतल्या माणसांना कळत होतं का. मी काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही, बहुधा काही तरी थातूरमातूर. पण तुला विचारायला आई होती आणि फोनवर आत्या होती. तो फोन तुझा स्वतःचा असता, दार लावलेल्या खोलीत असता, तर तू कोणालाच विचारलं नसतंस, हे माझ्या डोक्यातून जात नाही. तिथे मेलेली माणसं दिसतात, नागडी माणसं दिसतात, शिव्या दिसतात, आणि तू कशी दिसतेस यावर अनोळखी लोक मतं देतात. हे कधी ना कधी बघावं लागेलच. एकटीनं, पांघरुणात, रात्री बाराला बघावं लागू नये.

खडकपूर्णेच्या काठच्या पोरांना विहिरीत पोहायला शिकवतात ते पाठीला डबा बांधून आणि काठावर काका उभा करून. पाण्यापासून लांब ठेवून कोणी पोहायला शिकत नाही, हे मलाही कळतं. म्हणूनच मी बान्सीच्या बाजूची नाही.

फोनची मी वैरीण नाही. जून २०२० मध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा पहिला फोटो मला दादानंच धाडला होता, धाब्यावरून. मी त्याला लिहिलं, शोध बघू कशानं झालं. त्यानं शोधत शोधत मला मिठात राहणाऱ्या सूक्ष्म जीवांपर्यंत आणून सोडलं. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाण्याचे नमुने तपासून तेच सांगितलं, पाणी आटून खारटपणा वाढला आणि हे मीठप्रिय जीव माजले. घरापासून एवढ्या जवळ असलेलं लोणार दादाला खरं दिसलं ते फोनमुळे, हे मी नाकारत नाही. तोच पोरगा आज त्याच फोनवर काय बघतो ते मला माहीत नाही, आणि घरात कोणालाच माहीत नाही.

आता व्यवस्थेचं. हा भाग पप्पांना मोठ्यानं वाचून दाखव.

फोनचे पैसे मी देते. पण फोन वहिनीला घ्यायचा, नवा कोरा, खोक्यातला. दुकानात ती स्वतः जाईल आणि रंगही तीच निवडेल. नंबर तिच्या नावावर. तू तो रोज संध्याकाळी तासभर वापरायचास, बैठकीत, सगळ्यांसमोर बसून. लोणार शोध, गणिताचे व्हिडिओ बघ, मैत्रिणीशी बोल, गाणी ऐक. कोणी तुझ्या खांद्यावरून वाकून बघणार नाही, हेही पप्पांनी कबूल करायचं. इन्स्टाग्राम नको, दहावीपर्यंत तरी. आणि वहिनीला त्यातलं जे येत नाही ते तू शिकवायचंस. बँकेचा मेसेज कसा वाचायचा इथपासून.

रात्री साडेनऊला घरातले सगळे फोन स्वयंपाकघरातल्या फडताळात. पप्पांचा, दादाचा, वहिनीचा. पप्पा म्हणतील सोयाबीनचे भाव बघावे लागतात. रात्री साडेनऊनंतर कोणती बाजार समिती उघडी असते ते त्यांना नम्रपणे विचार. शेतातल्या मोटारीला रात्रपाळीची लाइट असेल तेव्हा फोन सोबत लागतो, ते मान्य. अंधारात, सापाकिरड्यात माणूस जातो. त्या रात्री त्यांचा फोन फडताळाबाहेर. दादा म्हणेल बारावीचं वर्ष आहे. मग तर आधी त्याचाच.

पुढे शिकवणीसाठी सिंदखेडराजाला एसटीनं एकटी जायची वेळ आली तर बटणाचा साधा फोन तुझ्या दप्तरात असेल. तोही मीच देईन. आणि दहावीची परीक्षा झाली की तुझा स्वतःचा स्मार्टफोन. निकालाची वाट बघायची नाही, टक्क्यांची अट नाही. ते बक्षीस नव्हे, तुझी पाळी आली म्हणून. दादाला कोणी टक्के विचारले नव्हते.

तुला हे सगळं ऐकून रागच आला असेल. आत्याकडे वकील म्हणून गेले आणि तिनं निकालच देऊन टाकला, असं वाटलं असेल. खुशाल रुसून बस. पण रुसण्याआधी एक कर, हे पत्र आजीला वाचून दाखव. तिला मालिकेतून उठवायचं काम तुझ्याशिवाय कोणाला जमणार नाही.

पप्पांना नमस्कार, वहिनीला सप्रेम, दादाला ‘आत्यानं सगळं लिहिलंय’ एवढंच सांग.

तुझी,
आत्या

ता. क. ही एक गोष्ट लक्षात ठेव, फोन कोणाचाही असो. कोणी फोटो मागितला, घाणेरडं काही पाठवलं, धमकी दिली, तर गुन्हा मागणाऱ्याचा असतो, तुझा नाही. कायदा अठराखालच्या प्रत्येक लेकराच्या बाजूनं आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत. पण त्याआधी मला सांग, वहिनीला सांग. मुली सांगत नाहीत त्याचं कारण मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय, फोन काढून घेतील, शाळा बंद करतील. म्हणून काल मी तुझ्या पप्पांना फोन केला आणि शब्द घेतला. तू असं काही सांगितलंस तर तुझ्या हातातला फोन जायचा नाही आणि शाळेचा विषय निघायचा नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बरं ताई.” शब्द मोडला तर मला कळव. जालन्याहून मेहकरला जाणारी गाडी दुसरबीडवरूनच जाते.